वृद्ध कुत्र्यांमधील क्षुधानाश

उतारवयातील कुत्र्याची अन्नावरची वासना कमी होणे किंवा पूर्णपणे नाहीशी होणे यास क्षुधानाश म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील दुसऱ्या एखाद्या विकाराचे लक्षण आहे. दुखरा दात किंवा गोचिडांमुळे येणारा ताप यांसारख्या बऱ्या होणाऱ्या कारणांपासून मूत्रपिंडाचा जुनाट विकार व कर्करोग यांपर्यंत अनेक कारणांनी तो उद्भवतो. म्हणून कुत्र्याला खाऊ कसे घालावे या प्रश्नाच्या आधी तो का खात नाही, याचे उत्तर शोधणे आवश्यक असते. आजार असाध्य असल्यास मात्र उपचारांचे उद्दिष्ट बदलते आणि प्राण्याच्या वेदना कमी करण्यास प्राधान्य दिले जाते.

वार्धक्य आणि भूक

कुत्र्याचे वार्धक्य त्याच्या आकारमानावर अवलंबून असते. ग्रेट डेनसारख्या थोराड जातीचा कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्ध मानला जातो, तर पॉमेरेनियनसारख्या लहान जातीत ही अवस्था दहाव्या वर्षाच्या आसपास येते. वयानुसार हालचाल मंदावते, स्नायू झिजतात आणि घ्राणशक्ती क्षीण होते. कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० रुचिकलिका असतात; माणसाच्या जिभेवर त्या सुमारे ९,००० असतात. त्यामुळे कुत्रा अन्नाची पारख चवीपेक्षा वासावरून अधिक करतो. वास नीट येईनासा झाला की अन्नातील त्याचा रस कमी होतो.

मात्र हा बदल महिनोन्महिने, हळूहळू होतो. काल-परवापर्यंत व्यवस्थित जेवणारा कुत्रा दोन दिवसांत खाईनासा झाला, तर त्याचे कारण केवळ वय हे नसते.

भुकेचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग करतो. जठर रिकामे झाल्यावर त्यातून घ्रेलिन हे संप्रेरक स्रवते व भुकेची संवेदना निर्माण होते. संसर्ग, दाह किंवा कर्करोग असल्यास शरीरात तयार होणारी सायटोकाइन नावाची द्रव्ये ही संवेदना दाबून टाकतात. मूत्रपिंडे निकामी होत असताना रक्तात साठणारी त्याज्य द्रव्ये मळमळ निर्माण करतात. आजारी कुत्रा अन्न नाकारतो तो हट्टाने किंवा रुसून नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

प्रकार

निरीक्षणाच्या सोयीसाठी क्षुधानाशाचे तीन प्रकार करता येतात.

• खाण्याची इच्छा असते, पण खाता येत नाही. कुत्रा भांड्यापाशी धावत येतो, घास उचलतो आणि खाली टाकतो, एकाच बाजूने चावतो किंवा लाळ गाळतो. अशा वेळी दात, हिरड्या, जीभ, जबडा किंवा मान दुखत असण्याची शक्यता असते.
• भूक असते, पण मळमळ होते. कुत्रा अन्नाचा वास घेतो, वारंवार ओठ चाटतो, घोट गिळतो आणि तोंड फिरवून निघून जातो.
• इच्छाच उरलेली नसते. कुत्रा जागेवरून उठत नाही व आवडत्या पदार्थाकडेही पाहत नाही. हा प्रकार सर्वांत गंभीर मानला जातो.

प्रमुख कारणे

दंतविकार: दातांवर साठलेल्या कीटणामुळे हिरड्या सुजतात, दात हलू लागतात व तोंडाला दुर्गंधी येते. भूल देऊन दात स्वच्छ केल्यावर किंवा किडका दात काढल्यावर अनेक कुत्री पूर्ववत जेवू लागतात.

मूत्रपिंडाचा जुनाट विकार: वृद्ध कुत्र्यांत हा वारंवार आढळतो. मूत्रपिंडांची सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत ठळक लक्षणे दिसत नाहीत. जास्त पाणी पिणे, जास्त लघवी होणे, वजन घटणे व त्यानंतर भूक मंदावणे असा त्याचा क्रम असतो.

गोचिडांमुळे होणारे संसर्ग: एहर्लिकिओसिस व बेबेसिओसिस हे आजार भारतात सर्रास आढळतात. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे आणि अन्न टाकणे ही त्यांची लक्षणे होत. रक्ततपासणीने निदान लवकर झाल्यास वृद्ध कुत्राही यातून बरा होऊ शकतो.

लेप्टोस्पायरोसिस: उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा संसर्ग होतो. पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो. यात यकृत व मूत्रपिंडे यांना इजा होते. हा आजार माणसालाही होत असल्याने अशा कुत्र्याची शुश्रूषा करताना हातमोजे वापरावे लागतात.

गर्भाशयात पू होणे: पायोमेट्रा या नावाने ओळखला जाणारा हा विकार नसबंदी न केलेल्या मादीला, माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतो. योनिमार्गातून स्राव दिसेलच असे नाही. वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास तो प्राणघातक ठरतो.

कर्करोग: लसिकाग्रंथी, प्लीहा, यकृत व तोंड येथील गाठी उतारवयात अधिक आढळतात. प्लीहेवरील गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाल्यास कुत्रा एकाएकी कोसळतो व त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात.

अन्य कारणे: स्वादुपिंडाचा दाह, यकृताचे विकार, मधुमेहातील गुंतागुंत, हृदयविकार, संधिवाताची वेदना, वेदनाशामके व प्रतिजैविके यांचे दुष्परिणाम, वार्धक्यातील स्मृतिभ्रंश, तसेच घरातील माणसाचा अथवा सोबतच्या प्राण्याचा वियोग.

तातडीची लक्षणे

वृद्ध कुत्र्याने २४ तासांहून अधिक काळ काहीही खाल्ले नाही, तर पशुवैद्याचा सल्ला घेणे इष्ट ठरते. पुढील लक्षणे असल्यास तितकी वाटही पाहू नये:

• पाणीही न पिणे किंवा प्यायलेले पाणी उलटून पडणे
• फिकट, पिवळ्या किंवा निळसर हिरड्या
• फुगलेले, ताठर पोट आणि उलटी न होता येणारे उमाळे
• झोपेत असताना श्वासाची गती मिनिटाला ३० पेक्षा सतत अधिक असणे
• काळी, डांबरासारखी विष्ठा, झटके येणे किंवा उभे राहता न येणे

निदान

पशुवैद्य प्रथम तोंड, हिरड्या, पोट व लसिकाग्रंथी तपासतात आणि वजन व तापमान पाहतात. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या हाताला निरोगी कुत्राही गरम लागतो. त्यानंतर रक्त व लघवीची तपासणी, क्ष-किरण चित्र आणि पोटाची सोनोग्राफी केली जाते. कातडी चिमटीत धरून सोडण्याची शुष्कतेची चाचणी वृद्ध कुत्र्यांत फसवी ठरते, कारण वयोमानाने त्वचेची लवचीकता मुळातच कमी झालेली असते. त्यापेक्षा हिरड्यांचा ओलावा अधिक विश्वसनीय असतो.

पालकांनी केलेली नोंद निदानास मोठी मदत करते. शेवटचे पूर्ण जेवण कधी झाले, काय खाल्ले, पाणी किती प्यायले, उलटी, लघवी व विष्ठा कशी होती आणि कोणती औषधे चालू आहेत, हे दिनांकानुसार लिहून ठेवावे.

उपचार आणि आहार

मूळ कारणावरील उपचार हाच क्षुधानाशावरील खरा उपचार होय. त्याच्या जोडीने सलाइन, वेदनाशमन व मळमळ थांबवणारे मॅरोपिटंट यांसारखे औषध दिले जाते. भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिन वापरले जाते. घ्रेलिनप्रमाणे कार्य करणाऱ्या कॅप्रोमोरेलिन या औषधाला अमेरिकेत २०१६ साली कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली.

विश्रांतीच्या अवस्थेतील २० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६६० किलोकॅलरी लागतात. एवढे अन्न एका वेळी जात नसल्यास ते चार-पाच वेळा, थोडे थोडे द्यावे. अन्न कोमट केल्याने त्याचा वास अधिक पसरतो. मऊ शिजवलेला भात व बिनमसाल्याची कोंबडी यांसारखा साधा आहार तात्पुरता चालतो, परंतु मूत्रपिंड किंवा स्वादुपिंडाचा विकार असल्यास आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावा. भांडे थोड्या उंचीवर ठेवल्यास मान व सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला सोयीचे जाते.

पुढील गोष्टी टाळाव्यात:

• कांदा व लसूण. यांमुळे तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. रश्शात भिजवलेली पोळी किंवा भाकरी याच कारणाने अपायकारक ठरते.
• द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल हा कृत्रिम गोडवा असलेले पदार्थ.
• खावे म्हणून दिलेले तेलकट मटण किंवा चरबी. यामुळे स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो.
• माणसांची वेदनाशामके. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही विषारी ठरू शकते.
• जबडा उघडून बळेच भरवणे. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो. शिवाय मळमळ होत असताना भरवलेल्या पदार्थाची कुत्र्याला कायमची शिसारी बसू शकते.

दीर्घकाळ पोषण द्यावे लागणार असेल, पण आजार बरा होण्याजोगा असेल, तर मानेतून अन्ननलिकेत बसवलेल्या नळीद्वारे अन्न देता येते.

प्रचलित समजुती

मराठी बोलीत ‘अन्न सोडले’ हा शब्दप्रयोग अखेर जवळ आल्याचे सूचित करतो. माणसांच्या बाबतीतील हा अनुभव कुत्र्याला लावल्याने दोन प्रकारचे नुकसान होते. एकीकडे, आता वयच झाले असे समजून दात, गोचीडताप किंवा गर्भाशयातील पू यांसारख्या उपचारसाध्य आजारांकडे दुर्लक्ष होते. दुसरीकडे, चार घास पोटात गेले तर तो जगेल या आशेने अंत्यावस्थेतील कुत्र्याला बळेच भरवले जाते. जिथे खाऊ घालणे हीच मायेची भाषा असते, तिथे भरलेले भांडे तसेच परत उचलणे पालकांना स्वतःचे अपयश वाटते. वस्तुतः अंत्यावस्थेत कुत्रा खात नाही म्हणून मरत नसतो, तर त्याचे शरीर मिटत चालल्यामुळे त्याची भूक सरलेली असते. अशा वेळी ओठ ओले ठेवणे, कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे आणि जवळ बसणे हीच शुश्रूषा होय.

जीवनमानाचे मूल्यमापन

अमेरिकी पशुवैद्य व कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्यांच्या जीवनमानासाठी एक मापनश्रेणी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगल्या दिवसांची संख्या, असे तिचे सात निकष आहेत. प्रत्येक निकषास ० ते १० गुण दिले जातात. एकूण ७० पैकी ३५ हून अधिक गुण असल्यास जीवनमान स्वीकारार्ह समजले जाते. भूक हा सातांपैकी एकच निकष आहे, ही बाब लक्षणीय आहे. दिनदर्शिकेवर रोज चांगला किंवा वाईट दिवस अशी खूण करणे हा याचाच सोपा प्रकार होय. एखाद्या बऱ्या सकाळीमुळे होणारी दिशाभूल त्याने टळते.

सुखमरण

वेदना आटोक्यात येत नसल्यास पशुवैद्य सुखमरणाचा पर्याय सुचवतात. प्रथम गुंगीचे औषध देऊन नंतर शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली जाते. बहुधा काही मिनिटांतच हृदय थांबते. मृत्यूनंतर डोळे उघडे राहणे, स्नायू थरथरणे किंवा एखाद-दुसरा उसासा येणे हे स्वाभाविक असून ते वेदनेचे लक्षण नसते. याची पूर्वकल्पना असल्यास उपस्थितांना धक्का बसत नाही. धार्मिक किंवा वैयक्तिक श्रद्धेमुळे हा पर्याय नाकारणारे पालक पुरेसे वेदनाशमन देऊन नैसर्गिक मृत्यूपर्यंत घरी शुश्रूषा करतात.

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे आणि उपासमारीच्या स्थितीत त्याला सोडून देणे हे गुन्हे आहेत. आजारी वृद्ध कुत्र्याला रस्त्यावर सोडणे यामुळे कायद्यानेही अपराध ठरते.

पालकांचा शोक

दहा-बारा वर्षे घरात वावरलेल्या प्राण्याचा मृत्यू हा खरा वियोग असतो, परंतु त्यासाठी सुतक नसते, रजा मिळत नाही आणि समाचारालाही कोणी येत नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली समाजमान्यता न लाभलेल्या शोकाची संकल्पना मांडली. पाळीव प्राण्याच्या मृत्यूचा शोक हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. आधी लक्षात आले असते तर, किंवा सुखमरणाची घाई तर झाली नाही ना, अशी अपराधी भावना बहुसंख्य पालकांच्या मनात येते. कुत्री आजार व वेदना दीर्घकाळ लपवतात, हे लक्षात घेतल्यास ती सौम्य होते. लहान मुलांना ‘तो झोपला आहे’ असे न सांगता मृत्यूविषयी सोप्या शब्दांत खरे सांगावे. सोबतचा दुसरा कुत्रा काही दिवस कमी खातो. त्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा कायम ठेवाव्यात, आणि दोन दिवसांत त्याची भूक परतली नाही तर त्याचीही तपासणी करून घ्यावी.

हे सुद्धा पहा

• कुत्रा
• पशुवैद्यकशास्त्र
• लेप्टोस्पायरोसिस
• गोचीड
• सुखमरण