शनिवार तेल्यांचं मटण

खांदेश्वरहून हार्बरची गाडी पकडली की पुढचंच स्टेशन पनवेल. तिथे १८४९ सालचं बेथ एल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आजही उभं आहे. न्यूयॉर्कच्या ज्यू घरात सणाला काय शिजतं, असं विचारलं तर उत्तर बहुधा ब्रिस्केट असं येईल. म्हणजे गोमांसाचा छातीचा तुकडा, भरपूर कांद्यावर झाकून मंद आचेवर तीन-चार तास शिजवलेला. तेच पनवेल, पेण, रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात विचारा. तिथे सणाचं मांस म्हणजे नारळाच्या रसातलं मटण. चवीत काडीचं साम्य नाही, पण दोन्ही पदार्थ एकाच धर्मशास्त्राच्या पोटातून आले आहेत.

आधी ब्रिस्केटची, म्हणजे युरोपातली, गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्यूंच्या याकोब या पूर्वजाची रात्रभर कुस्ती झाली, त्याच्या मांडीचा सांधा दुखावला, म्हणून जनावराच्या मांडीच्या सांध्यावरची शीर खायची नाही, असं तोराह हा धर्मग्रंथ सांगतो. शीर काढणं फार किचकट. त्यामुळे तिकडचे ज्यू खाटीक मागचा भाग परक्यांना विकून टाकत आणि पुढचा ठेवत. पुढच्या भागातली छाती चिवट, म्हणून स्वस्त. वाफेवर तासन् तास ठेवली की तिचे चिवट धागे विरघळून रसाला दाटपणा येतो. गरिबाघरचा तुकडा असा सणाच्या ताटात आला.

कोकणात मात्र मुळात बैलच वेगळ्या नात्याने घरात होता. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायलींची कुळकथा आहे. त्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शब्बाथच्या आज्ञेत माणसाबरोबर गुरांनाही विश्रांती सांगितली आहे, म्हणजे त्या दिवशी घाण्याचा बैलही सुटा. हे लोक पिढ्यान् पिढ्या गोमांस खात नसत. हिंदू शेजाराचा परिणाम, असं त्याचं कारण सांगतात आणि ते खरंच आहे. पण ज्याच्या खांद्यावर घर चालतं तो बैल कापणं तेल्याच्याही जिवावर आलं असणार, असं मला वाटतं.

मग उरलं बोकड. त्याला नियम दुसरा होता: मांस आणि दूध एकत्र करायचं नाही. दही लावायचं नाही, तूप चालायचं नाही. तेल तर घरचंच होतं. आणि रसाला दाटपणा देणारा नारळ परसात. तो ना दूध, ना मांस. नारळाच्या रसात मटण शिजवणं ही काही बेने इस्रायलींची एकट्याची युक्ती नव्हे, कोकणात शेजारीपाजारीही तसंच शिजवत. पण शेजाऱ्यांना जी नुसती चव होती, ती यांच्याकडे धर्माची सोय झाली. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या रसातच होतो. त्यामुळे मटणाच्या जेवणावर तो लगेच खाता येतो.

हे सणाचं मटण आधी अर्धा तास पाण्यात ठेवतात. मग जाडं मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर ठेवायचं, म्हणजे रक्त निथळून जातं, आणि तीन पाण्यांनी धुवायचं. त्यानंतर तेलात कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर-मिरचीचं वाटण, हळद. मांस नारळाच्या पातळ रसात शिजतं. दाट रस अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस फाटतो. मीठ चाखूनच घालावं, कारण ते मांसात आधीच मुरलेलं असतं. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत पातेलं खाली उतरलेलं हवं, शब्बाथला चूल पेटत नाही.

जनावर कापायला शास्त्र जाणणारा माणूस लागतो. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तसा तो मिळणं अवघड झालं. मासळीला ही अट नाही, पर आणि खवले असले की झालं. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ या कादंबरीत प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने उघडतं. अलिबागच्या किनाऱ्यावरची एकटी उरलेली बाई आणि तिचा स्वयंपाक समजून घ्यायचा तर ती वाचावी.

खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये कुणाला ब्रिस्केट करावंसं वाटलं तर २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाय, बैल, वळू कापता येत नाहीत, म्हैस चालते. पण मी बोकडाचा सीनाच, म्हणजे छातीच, घ्या म्हणेन. खाटकाकडून मोठे तुकडे करून आणावेत, कांदा दुप्पट घ्यावा, कुकर न लावता जाड बुडाच्या पातेल्यात दोन तास झाकून ठेवावं. दाट रस मांस हाडापासून सुटायला लागल्यावरच घालावा.