बर्फावर कोणती गाडी? शॅकल्टनच्या मोटारीपासून गोव्याच्या ‘मैत्री’पर्यंत

आजचा एपिसोड गाड्यांवर आहे. पण मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन यातलं काहीही आज निघणार नाही. आज बोलायचंय बर्फावर चालणाऱ्या गाड्यांबद्दल. ऐकता ऐकता झोपू नका, कारण यात बुडालेली गाडी आहे, दक्षिण ध्रुवावर पोचलेला शेतातला ट्रॅक्टर आहे आणि आपलं गोवासुद्धा आहे.

आम्ही सांगवीकर. एका अंगाला पिंपरी-आकुर्डी, पलीकडे चाकण. बिल्डिंगमध्ये दोन-चार जण तरी ऑटो कंपनीत किंवा तिच्या व्हेंडरकडे असतातच. त्यामुळे डिसेंबर उजाडला की कट्ट्यावर एक प्रश्न हमखास येतो: “जानेवारीत स्पितीला जायचंय, थार बरी की गुरखा?” मग टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, फोर बाय फोर यावर तासभर चर्चा रंगते. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: बर्फ कोणता?

आपली अडचण भाषेचीही आहे. फ्रीजमधला तो बर्फ, मनालीत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि तलाव गोठतो तोही बर्फच. पुस्तकी मराठीत ‘हिम’ आहे, पण बोलताना आपण तो शब्द वापरत नाही. गाडीच्या दृष्टीने मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक भुसभुशीत, पीठ पसरल्यासारखा. दुसरा टणक, काचेसारखा आणि कधी कधी खाली पाणी असलेला. गेल्या सव्वाशे वर्षांत लोकांनी हा फरक कसा शिकून घेतला, त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात १९०८ पासून करू. अर्नेस्ट शॅकल्टन अंटार्क्टिकावर चक्क मोटारगाडी घेऊन गेला होता. स्कॉटलंडच्या अ‍ॅरोल-जॉन्स्टन कंपनीची. त्या खंडावर पोचलेली ही पहिली मोटार. गोठलेल्या समुद्राच्या टणक बर्फावर ती बरी धावली. पण मऊ हिम लागलं की चाकं रुतायची, गाडी जागची हलायची नाही. इंजिन तेच, ड्रायव्हर तोच, फक्त खालचा बर्फ बदलला.

हे का होतं? साधा हिशोब करू. तुमची दोन टनांची एसयूव्ही घ्या, टायरमध्ये ३२ पीएसआय हवा. गाडीचं वजन भागिले हवेचा दाब केलं, तर चारही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा येते जेमतेम ९०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका टायरच्या वाट्याला साधारण १५ बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा. एवढ्या जागेवर अर्धा टन! उभा माणूस जमिनीवर जेवढा दाब देतो, त्याच्या दहापटीहून जास्त. आता ज्या हिमात माणूस घोट्यापर्यंत रुततो, तिथे या गाडीचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

शॅकल्टननंतर तीन वर्षांनी रॉबर्ट स्कॉट आला. त्याने हा धडा घेतला होता. त्याच्याकडे चाकांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या तीन मोटार-स्लेज होत्या. पट्टा म्हणजे आपल्या पोकलेनला असतो तसा. वजन लांबरुंद जागेवर पसरतं आणि गाडी रुतत नाही. प्रश्न सुटला? नाही. ८ जानेवारी १९११ ला जहाजावरून सामान उतरवताना तिसरी स्लेज समुद्रावरचा बर्फ फोडून सरळ तळाला गेली.

इथे दुसरं गणित येतं आणि हे लोकांना पटकन लक्षात येत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या बाबतीत टायर किती रुंद किंवा पट्टा किती लांब याने फारसा फरक पडत नाही. तिथे बर्फाची लादी एखाद्या फळीसारखी वाकते आणि ती गाडीचं एकूण वजन मोजते. लादी पेलू शकेल तो भार जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली तर ताकद चौपट. पण जाडी अर्धी झाली तर ताकद एक चतुर्थांश, हेही विसरू नका.

उरलेल्या दोन स्लेजचं काय झालं? ध्रुवाकडे निघाल्यावर काही दिवसांतच दोन्ही इंजिनं बिघडली आणि त्या वाटेतच सोडून द्याव्या लागल्या. ज्या इंजिनिअरने या स्लेज विकसित करायला मोठी मदत केली होती, त्या रेजिनाल्ड स्केल्टनला मोहिमेत घेतलंच नव्हतं. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम प्रॉडक्शनला गेली आणि जो ती ओळखत होता तो टीमबाहेर. पुढे माणसांनी स्वतः स्लेज ओढल्या. स्कॉट आणि त्याचे चार साथीदार ध्रुवावर पोचले, पण परतले नाहीत. या शोकांतिकेची कारणं अनेक आहेत, सगळं खापर गाड्यांवर फोडता येणार नाही. पण बर्फावर गाडी बंद पडली की तिचा भार माणसाच्या खांद्यावर येतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग यशस्वी कोण झालं? १९५८ साली एडमंड हिलरी. हो, एव्हरेस्टवाला. त्याच्याकडे फर्ग्युसन कंपनीचे ट्रॅक्टर होते, साधारण २८ हॉर्सपॉवरचे. शेत नांगरायचे ट्रॅक्टर! चाकांवर पट्टे चढवले, क्रेव्हास म्हणजे बर्फातल्या लपलेल्या भेगांच्या भीतीने ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधले आणि ४ जानेवारी १९५८ ला मंडळी दक्षिण ध्रुवावर. कारण यंत्र साधं होतं, उघडून दुरुस्त करता येत होतं आणि बरोबरच्या लोकांना ते येत होतं.

मग आपण जिला एटीव्ही म्हणतो, लोणावळ्याच्या अ‍ॅडव्हेंचर पार्कात फिरवतात ती चार फुगीर टायरची गाडी, ती कुठून आली? तिचं मूळही थंडीतच आहे. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत, म्हणून तिथल्या होंडाने जपानकडे मागणी केली: डीलरला थंडीतही विकता येईल असं काहीतरी द्या. त्यातून १९७० मध्ये तीनचाकी यूएस ९० आली. तिचा जीव होता टायरमध्ये: फुग्यासारखे मोठे आणि अगदी कमी हवेचे. तीनचाकी उलटण्याचे अपघात फार झाले, म्हणून १९८८ च्या सुमारास अमेरिकेत तिची विक्री थांबली आणि चारचाकी रूढ झाली. आज मिनेसोटासारख्या राज्यात लोक गोठलेल्या तळ्यावर एटीव्ही नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि मासे धरतात. एटीव्हीच का? कारण तिचं वजन तीन-चारशे किलो. तिथला ढोबळ नियम असा: पारदर्शक, घट्ट बर्फ १० सेंटिमीटर असेल तर माणूस चालत जाऊ शकतो, एटीव्हीला साधारण १५ ते १८ आणि मोटारीला २५ ते ३० सेंटिमीटर हवेत. पांढरट, हवा अडकलेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची.

आता आपल्या माणसांकडे येऊ. ६ डिसेंबर १९८१. गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाचं भाड्याने घेतलेलं नॉर्वेचं जहाज निघालं. आत डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण. फारसा गाजावाजा न करता निघालेली ही भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली.

तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, ‘दक्षिण गंगोत्री’ हे कायमचं स्टेशन उभं राहिलं. त्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत होत्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला. अदिती पंत नागपूरच्या जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञ. त्यांचे वडील अप्पासाहेब पंत औंध संस्थानच्या राजघराण्यातले. सांगवीकरांनो, नदीपलीकडचं आपलं औंध नाही हां, साताऱ्याकडचं!

दक्षिण गंगोत्री उभी होती हिमनदीच्या समुद्रावर आलेल्या जाड थरावर. दरवर्षी हिम साचत गेलं आणि स्टेशन हळूहळू गाडलं गेलं. मग १९८९ मध्ये आत खडकाळ भागात, शिर्माखर ओअ‍ॅसिसमध्ये ‘मैत्री’ सुरू झालं. जमीन पक्की मिळाली, पण नवा प्रश्न आला. जहाज लागतं बर्फाच्या कड्यापाशी आणि मैत्री तिथून सुमारे १०० किलोमीटर आत. वर्षभराचं इंधन, धान्य, सुटे भाग नेणार कसे?

या कामाला आहे पिस्टनबुली. जर्मनीच्या केसबोरर कंपनीची ही गाडी मुळात स्कीइंगचे उतार सपाट करण्यासाठी बनली. प्रचंड रुंद पट्टे, त्यामुळे कित्येक टनांची असूनही जमिनीवरचा दाब माणसाच्या पावलापेक्षा कमी. मागे स्लेज जोडायच्या आणि काफिला करून निघायचं. कधीच एकटं नाही. वेग सायकलच्या आसपास, इंधन भरपूर पिणार, पण ओझं ओढणार.

मग २०१० मध्ये वेगळी गरज आली. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सड्यावर जी ध्रुवीय संशोधन संस्था आहे, तिचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र आठ जणांची टीम घेऊन मैत्रीहून थेट दक्षिण ध्रुवाला निघाले. जाऊन-येऊन साडेचार हजार किलोमीटरपेक्षा जास्त, वाटेत बर्फाचे नमुने घ्यायचे आणि हवामान चांगलं असेल तेवढ्या दिवसांत परत यायचं. पिस्टनबुलीच्या चालीने हे जमणारं नव्हतं. त्यांनी निवडल्या आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्सने बदललेल्या टोयोटा हायलक्स. पट्टा नाही, चाकंच. पण टायर अवाढव्य आणि मऊ हिमावर त्यातली हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवायची. मगाचा हिशोब आठवा: दाब दहा भागाने कमी म्हणजे टेकलेली जागा साधारण दहापट. टायर चपटा होऊन स्वतःच छोटा पट्टा बनतो. १३ नोव्हेंबरला निघालेली टीम २२ नोव्हेंबर २०१० ला ध्रुवावर होती.

शॅकल्टनची चाकं रुतली आणि १०२ वर्षांनी चाकांवरच आपली माणसं ध्रुवावर गेली. म्हणजे चाक चूक आणि पट्टा बरोबर असं काही नसतं. ओझं किती, घाई किती, खाली काय, यावर ते ठरतं.

अजून एक गोष्ट गाडीच्या ब्रोशरमध्ये कधी नसते: थंडी. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबवतं. म्हणून ध्रुवीय भागात विमानाच्या जातीचं इंधन वापरतात. जेट ए-१ उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही. बॅटरीची ताकद उतरते, ऑइल काकवीसारखं होतं. आणि उबेसाठी बंद जागेत इंजिन किंवा शेगडी चालू ठेवणं जिवावर बेततं. जानेवारी १९९० मध्ये हम्बोल्ट पर्वतरांगेत आपल्या मोहिमेतले चार जण तंबूत कार्बन मोनॉक्साइडने गेले. तिथे ना वादळ होतं ना भेग. वास नसलेल्या वायूने चार माणसं नेली. स्पितीत गाडीत झोपून रात्रभर हीटर चालू ठेवायचा प्लॅन करणाऱ्यांनी हे दोनदा ऐका.

हे सगळं आपल्या दारातही आलंय. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्करासाठी सुमारे ५,००० हलक्या गाड्यांचे करार केले, ते आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सशी आणि महिंद्राशी. अट काय होती? ८०० किलो भार वाहून नेता यावा आणि सगळ्या प्रकारच्या भूभागावर जवानांना नेता यावं. बघा, लष्करसुद्धा आधी काम सांगतं आणि मग गाडी बघतं.

तर कट्ट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर. थार की गुरखा, हा शेवटचा प्रश्न. आधी खाली काय आहे ते बघा. मऊ हिम असेल तर टायर आणि त्यातली हवा महत्त्वाची, फक्त रस्त्यावर परत येताना हवा भरायची, नाहीतर टायर तापून फाटेल. टणक, गुळगुळीत बर्फ असेल तर साखळ्या हव्यात. फोर बाय फोर गाडी पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. कोरड्या डांबरावर ताशी ४० वेगाने ब्रेक मारला तर गाडी ९-१० मीटरवर थांबते, काचेसारख्या बर्फावर ६० मीटरच्या पुढे जाऊ शकते. आणि गोठलेलं तळं असेल, पँगाँगसारखं खारट पाण्याचं तर विशेष करून, तर तिथे कुठलीच एसयूव्ही न्यायची नाही. खारट बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमजोर असतो आणि तुमची गाडी दोन टनांची आहे. रीलसाठी बर्फाची जाडी वाढत नाही.

मग दुसरी गाडी बरोबर आहे का आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे विचारा. एवढ्याची उत्तरं मिळाली की थार की गुरखा यावर खुशाल भांडा, मीही येतो.

हा एपिसोड स्पितीच्या ग्रुपवर नक्की टाका, निघायच्या आधी. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!