प्रवेशाधिकार (दप्तर आणि सर्व्हर)

सामायिक दप्तरात किंवा फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या सर्व्हरवर कोणी वाचायचे, कोणी लिहायचे आणि कोणी मंजूर करायचे, याची नेमणूक. भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) तालुक्यांत तिचा रोजचा अनुभव येतो तो ई-फेरफार प्रणालीत.

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले की त्याची माहिती ऑनलाइन तहसीलकडे येते. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फक्त आपल्या सजेतल्या गावांचे फेरफार धरतो. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. नोंद प्रमाणित करायची की रद्द, हे मंडळ अधिकारी ठरवतो. तोवर सातबारा बदलत नाही. खातेदाराला उतारा पाहता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. नोंद घेणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, ही रीत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 मध्ये आधीपासून आहे.

या मुलखाला ही विभागणी जुनी. शिवकाळातली राजधानी राजगड किल्ला वेल्ह्यात, आणि भोर हे 8 मार्च 1948 रोजी विलीन होईपर्यंत पंत सचिवांचे संस्थान. अष्टप्रधानांतल्या सचिवाचे काम राजपत्रे तपासणे, मजकुरातली चूक सुधारणे आणि संमतीची खूण करणे हे होते.

सर्व्हरवर जुन्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून एसएफटीपी वापरावे आणि प्रत्येकाला त्याच्याच फोल्डरात बंदिस्त ठेवावे. युनिक्समध्ये वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1. मालक, गट आणि इतर यांची बेरीज वेगवेगळी. 750 म्हणजे मालकाला सर्व, गटाला वाचणे व फोल्डरात शिरणे, इतरांना काहीच नाही. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवरून नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्यावरून ठरतो. सामायिक फोल्डर सर्वांना लिहिण्यास खुले असेल, तर एकाचे काम दुसरा पुसू शकतो. तिथे स्टिकी बिट लावावे लागते, म्हणजे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही.

खरी कसोटी बदलीच्या वेळी. पदभार सोडला त्याच दिवशी खाते बंद करावे, पण पुसू नये. युनिक्स फाइलीचा मालक क्रमांकाने ओळखते. पुसलेल्या खात्याचा क्रमांक नव्या माणसाला मिळाला, तर जुन्याच्या फाइली नकळत त्याच्या मालकीच्या होतात.