द्वारचौकट, वाड्यांतील

द्वारचौकट : दाराच्या पोकळीभोवती बसविलेला लाकडी वा दगडी साचा. खालचा उंबरठा, दोन उभ्या बाह्या आणि वरची गणेशपट्टी ही तिची चार अंगे होत. ‘उंबरठा’ हा शब्द संस्कृत ‘उदुंबर’ या शब्दाशी संबद्ध असून वास्तुग्रंथांत उदुंबर म्हणजे द्वाराची तळपट्टीच होय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) तीन, पाच, सात वा नऊ शाखांचे, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे, द्वार प्रशस्त मानले आहे. ही मांडणी मुळात सुताराची असावी. भाजे, कार्ले येथील लेण्यांत दगडानेही लाकूडकामाचेच अनुकरण केले आहे.

पेशवेकालीन वाड्यांत ही परंपरा सागवानात दिसते. बाह्यांच्या टोकांना कुसू काढून ते उंबरठ्याच्या व गणेशपट्टीच्या खाचांत घट्ट बसवीत. आडव्या अंगांची टोके बाह्यांच्या पलीकडे वाढवून भिंतीत चिणीत; त्यामुळे चौकट आधी उभी करून मग तिच्याभोवती भिंत चढवावी लागे. लाकूड आडव्या अंगाने आकसते, लांबीत मात्र जवळजवळ मुळीच नाही. साहजिकच चौकट व गिलावा यांच्या सांध्यात कालांतराने फट पडते. कडेला ठोकलेली नक्षीची पट्टी निव्वळ शोभेची वाटते खरी. परंतु तिचे पहिले काम ही फट झाकण्याचे असते. रंध्याने साफ केलेल्या लाकडावर तेल चोळले, तर ते आत मुरते व कोरीव कामाची धार बुजत नाही. पुढे अनेक घरांत अशा चौकटींवर तैलरंगाचे थर चढले आणि पटाशीने काढलेल्या बारीक रेषा त्यांखाली गेल्या. हा बदल सोयीचा खरा, पण सुधारणा नव्हे.

पुण्यातील शनिवारवाड्याचे लाकूडकाम 1828 च्या आगीत नष्ट झाले. विश्रामबागवाड्याच्या (1807) दर्शनी भागात त्या काळच्या कोरीव कामाची कल्पना येते. 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक जुनी घरे पडली. नंतरच्या दशकांत वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या व चौकटी जुन्या लाकडाच्या वखारींत गेल्या. काही कोरीव दारे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केली आहेत. भिंतीतून उपसताना चौकटीची चिणलेली टोके करवतीने कापली, की नक्षी शाबूत राहते. ती भिंतीत कशी धरली होती, हे सांगणारा भाग मात्र जातो.