चाकांवरचें घर

'कॅराव्हॅन' हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर वरचेवर पडूं लागला आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं या नांवाचें एक पर्यटन-धोरणहि मंजूर केलें. एखादी जुनी परदेशी व्हॅन घ्यावी, तिच्यांत बिछाना, शेगडी व पाण्याची टांकी बसवावी, आणि हॉटेलाचें तोंड न पाहतां मुलुखगिरीस निघावें, असा हा छंद आहे. शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें तो सर्वस्वीं विलायती समजतात. छंद विलायती असेल. शब्द मात्र आपल्याच बाजूचा आहे. फारशींतील 'कारवाँ' फ्रेंचांकडे गेला, तेथून इंग्रजांच्या घरीं गेला, आणि त्यांनीं त्याचें पुढचें अंग तोडून उरलेल्या शेपटास 'व्हॅन' हें नांव दिलें. हैदराबाद शहरांत कारवान नांवाची वस्ती आजहि आहे. आमचें औसा गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेव्हां या शब्दाशीं आमची ओळख पुण्या-मुंबईच्या मंडळींपेक्षां जुनी आहे, असें मीं गमतीनें म्हटलें तर आपण रागावणार नाहीं अशी आशा आहे.

चाकांवर संसार मांडण्याची विद्या आपणांस बैलगाडीनें शिकविली. पंढरीस अगर जत्रेस निघालेल्या गाडीवर बांबूच्या तट्ट्यांची कमान असे, आंत कडब्यावर वाकळ अंथरलेली असे, आणि आंसाशेजारीं वंगणाची नळी लोंबत असे. मुक्कामावर बैल सुटले कीं वर बायकामुलें निजत आणि खालीं पुरुष मंडळी. तीन दगडांची चूल जेथें पेटेल तें स्वयंपाकघर. याहून अधिक कांहीं आजच्या कॅराव्हॅनमध्यें असतें असें मला वाटत नाहीं. फक्त तें अधिक महाग असतें.

पुढें मोटार आली. लातूरपर्यंत १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी वाट पोहोंचली होती. परंतु रुळांपासून दूर असलेल्या गांवांना मोटारीचीच प्रतीक्षा करावी लागली. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं आपला रस्तावाहतुकीचा विभाग उघडला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या काळीं परदेशांतून पुष्कळदां पुरी गाडी येतच नसे. इंजिन, चाकें व खालचा लोखंडी सांगाडा एवढेंच येई. वरची पेटी येथील सुतार आणि लोहार बांधीत. १९४८ च्या जूनच्या १ तारखेस पुण्याहून अहमदनगरास जी पहिली एस्‌. टी. निघाली, ती बेडफर्डहि लाकडी पेटीचीच होती. सागवानी उभे खांब, त्यांना आडव्या पट्ट्या, वरून पत्रा आणि रिबिटें, हें काम आमच्या कारागिरांच्या हातांत असें बसलें कीं परदेशी गाडी पाहिल्याबरोबर 'हिच्या वरचें सारें काढून काय करतां येईल?' हाच प्रश्न त्यांच्या मनांत प्रथम येई. घरच्या घरीं गाडीचें बिऱ्हाड करणारे आजचे हौशी लोक याच सवालापासून आरंभ करतात.

१९४५ सालीं महायुद्ध संपलें आणि लष्कराच्या शेकडों शेव्हरोलेट, फोर्ड, डॉज व बेडफर्ड गाड्या सरकारी 'डिस्पोजल'मधून विक्रीस निघाल्या. कांहीं माल वाहूं लागल्या, कांहीं लाकूडतोडीस गेल्या. पण अशा जुन्या गाड्यांना खरें घरपण दिलें तें तंबूच्या सिनेमानें. फिरत्या खेळाची परंपरा आपल्याकडे तशी जुनी आहे. कल्याणचे महादेवराव पटवर्धन १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' नांवाचा कांचचित्रांचा खेळ दाखवीत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईंत झळकला. त्यानंतर पडदा आणि यंत्र हीं दोन्हीं गांवोगांव हिंडूं लागलीं, आणि मोटार स्वस्त होतांच तीं मोटारींत चढलीं.

लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा, किंवा महाशिवरात्रीस लातुरास भरणारी सिद्धेश्वराची यात्रा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढें तंबूमागें उभी असलेली ती लॉरी आल्याखेरीज राहणार नाहीं. मीं ती लहानपणीं, १९७० च्या सुमारास, फार निरखून पाहिली आहे. प्रोजेक्टर लॉरीच्या लाकडी तळास बोल्टांनीं घट्ट आवळलेला असे. मागच्या फळींत एक चौकोनी झरोका कापलेला, त्यांतून प्रकाशाचा झोत तंबूंत शिरे. यंत्रांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ज्योत पेटे. तिचा धूर बाहेर जावा म्हणून टपास भोंक पाडून पत्र्याचें धुराडें बसविलेलें असे. दोन हजार फुटांचें रीळ सुमारें बावीस मिनिटांत संपे. तें बदलतांना तंबूंत अंधार होई आणि शिट्ट्यांचा पाऊस पडे.

मला मात्र पडद्यापेक्षां त्या लॉरीच्या पोटाचें नवल अधिक वाटे. बाजूस बिजागरीवर उचलून ठेवावयाची फळी होती. रात्रीं ती पाडली कीं ऑपरेटरचा पलंग. तिच्याखालीं रिळांचे डबे, कपड्यांची लोखंडी ट्रंक, पिठाचा डबा. रॉकेलचा स्टोव्ह मात्र कटाक्षानें बाहेर, कारण फिल्म आणि आग यांचें वैर त्यांना ठाऊक होतें. आरसा, देवाची तसबीर आणि दाढीचा ब्रश यांसाठीं खिळे ठोकलेले. प्रत्येक वस्तूस एकच जागा आणि प्रत्येक जागेस दोन उपयोग! घरबांधणीचें याहून चांगलें शास्त्र मीं कोठें वाचलेलें नाहीं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं अशा तंबूवाल्यांबरोबर वर्षेंच्या वर्षें हिंडून जो अनुबोधपट तयार केला, त्याचा २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत गौरव झाला. तोंवर रिळें जाऊन डिजिटल यंत्रें आलीं होतीं, आणि पुष्कळ लॉऱ्या गंजत उभ्या होत्या.

तिकडे युरोपांत हीच गोष्ट हौसेच्या वाटेनें चालली होती. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची व्हॅन १९५० सालीं बाहेर पडली. तिची पहिली कल्पना बेन पॉन नांवाच्या डच व्यापाऱ्यानें १९४७ सालीं वहींत रेखाटली होती. १९५१ पासून वेस्टफालिया कारखाना तिच्यांत बिछाना, कपाट व घडीचें टेबल बसवून देऊं लागला. पैसा नसलेल्या तरुणांनीं तेंच काम हातानें केलें. १९६० नंतरच्या वर्षांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशी मजल दरमजल करीत असल्या गाड्या गोव्याच्या कळंगुट व हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन टेकल्या. १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या, आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. अशी गाडी येथें विकून टाकणें सोपें नव्हतें. ती 'कार्ने' नांवाच्या हमीपत्रावर आंत येई. ठराविक मुदतींत देशाबाहेर गेली नाहीं तर जबर जकात भरावी लागे. म्हणून मालक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे, असा प्रकार फारसा होऊं शकला नाहीं.

जुनी व्हॅन घेऊन तिचें घर करावयाचें तर काय पाहावें, असें मला कोणी विचारलें तर मी म्हणेन, आधीं पायाखालचें पाहा. रंग नवा असतो, पण चटई उचलली कीं तळाचा पत्रा कुजलेला निघतो. दुसरी गोष्ट उन्हाची. आमच्या मराठवाड्यांत वैशाखांत पारा चाळीस अंशांवर जातो. उघडा पत्रा तेव्हां तव्यासारखा तापतो. पत्रा व आंतील प्लायवुड यांच्यामध्यें उष्णता अडविणारा थर हवा, आणि गरम हवा वर चढत असल्यामुळें टपांत झरोका हवा. तंबूवाल्याचें धुराडें आठवावें. पाण्याचें वजन लोक विसरतात: शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझें. तें खालीं आणि आंसाजवळ ठेवावें. टपावर ठेवलें तर घाटाच्या वळणावर गाडी कलते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो, गळला तर तळाशीं सांचतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवून त्याच्या कप्प्याच्या तळास बाहेर उघडणारें छिद्र ठेवणें हें जिवाचें काम आहे. दिवे-पंख्यांस निराळी बॅटरी असावी, नाहीं तर रात्रीं वाचन होतें आणि सकाळीं गाडी ढकलावी लागते. हें सर्व करण्यापूर्वीं परवानगी मात्र घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच दंडक सांगितला. लाकडी पेटीवाल्या सुतारांचा काळ आतां राहिला नाहीं. हा कायदा मला जाचक वाटत नाहीं; वाईट रीतीनें बांधलेली गाडी केवळ मालकालाच मारते असें नाहीं.

परदेशी व्हॅन सर्वांना कोठून मिळणार? तिची उणीव आपल्याकडे मॅटाडोरनें भरून काढली. हॅम्बुर्गच्या टेंपो कारखान्याची ही गाडी. १९४९ च्या मूळ जर्मन मॅटाडोरमध्यें तर प्रथम फोक्सवॅगनचेंच इंजिन होतें. नवलमल फिरोदिया यांच्या बजाज टेंपो कंपनीनें ती १९६९ च्या सुमारास आपल्याकडे काढली. तिचें बळ पुढच्या चाकांना मिळे, त्यामुळें मागें जाणारा दांडा नव्हता आणि तळ जमिनीच्या अगदीं जवळ आला. म्हाताऱ्या माणसास चढतां येई. म्हणूनच तिच्या रुग्णवाहिका झाल्या, शाळेच्या गाड्या झाल्या, वऱ्हाडाच्या झाल्या. 'टेंपो' आणि 'मॅटाडोर' हे शब्द तर मराठींत सामान्यनामेंच होऊन बसले.

अशा गाड्यांत आम्हीं एकदां खरोखरच बिऱ्हाड केलें आहे. तें हौसेनें नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन उरकून लोक निजले असतां, आमच्याच तालुक्यांतील किल्लारीस भूकंप झाला. ३ वाजून ५६ मिनिटांची ती वेळ. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचीं माळवदें. जीं घरें पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखीत आलीं, तींच माणसांवर कोसळलीं. हजारों माणसें गेलीं. नंतर कित्येक आठवडे, भिंत उभी होती त्यांनाहि भिंतीखालीं निजवेना. औशांत घरोघर दारें उघडीं टाकून लोक अंगणांत, बैलगाड्यांत, टेंपोंत आणि उभ्या मॅटाडोरमध्यें निजत. जमीन पुन्हां हलली कीं गाडी फक्त डोले; ती कोसळत नसे, हें म्हाताऱ्या बायकांनीं पहिल्याच रात्रीं हेरलें. माझ्या शेजारच्या एका आजीनें तर देव्हाऱ्यांतील देवहि गाडींत नेऊन ठेवले होते. शासनानें पत्र्याचे निवारे उभारले, पुढें नवीं गांवें वसलीं. पण त्या पावसाळ्याच्या शेवटीं गाडीच्या पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज ज्यांनीं आंतून ऐकला, त्यांना चाकांवरच्या घराचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

आणि दुसरेहि कांहीं लोक आहेत. दसरा-दिवाळी आटोपली कीं आमच्या भागांतून, आणि बीडकडून तर फारच मोठ्या संख्येनें, ऊसतोडीचीं कुटुंबें कारखान्यांकडे निघतात. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत, कोणी ट्रकांत, कोणी टायरच्या बैलगाडींत. ही टायरगाडी पुष्कळदां कारखान्याची, भाड्यानें घेतलेली असते. बैल तेवढे आपले. तिच्यावर चुलीपासून कोंबडीपर्यंत सारें रचलेलें असतें, आणि उसाच्या फडाशेजारीं पाचटाची कोपी उभी राहीपर्यंत तेंच घर. तीस वर्षें मीं शाळेचे हजेरीपट लिहिले. दर कार्तिकांत कांहीं नांवांपुढें सलग गैरहजेरीच्या खुणा सुरू होत, त्या चैत्रापर्यंत चालत. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहें निघालीं, कांहीं पोरें मागें आजीपाशीं राहूं लागलीं. यंदाहि दिवाळीच्या सुट्टीनंतर लातूर रस्त्यावरून तशा गाड्या गेल्या. एका ट्रॉलींत वाकळांच्या ढिगावर बसलेली मुलगी पाठीस दप्तर लावूनच निघाली होती.