आळशी डोळा आणि उसाचा हंगाम

तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असल्यामुळे लहान मुलाचा मेंदू एका डोळ्याचे चित्र बाजूला सारू लागतो. हाच आळशी डोळा. वरून तो बऱ्याचदा धड दिसतो आणि मूलही तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यावर त्याचे भागते.

चांगला डोळा झाकून दुसऱ्याला कामाला लावावे, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने १७४३ मध्येच सुचवले होते. यामागचे कारण मात्र फार उशिरा उलगडले. १९६३ मध्ये ह्युबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला दादच देईनात! (पुढे १९८१ चे नोबेल.) सात-आठ वर्षांनंतर उपचार व्यर्थ, हा समज यामुळे पक्का झाला. २००५ च्या एका अमेरिकन चाचणीत मात्र सात ते बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांची नजर चष्मा, पट्टी आणि थेंबांनी सुधारली. तरी जितके लवकर तितके बरे.

बीड जिल्ह्यात अडचण वेगळीच आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्याबरोबर मुलेही. पट्टी तर रोज काही तास, कित्येक महिने लावायची! म्हणून नजरेची तपासणी जून-जुलैतच उरकावी, असे आम्हाला वाटते. प्रत्येक डोळा वेगळा तपासावा; मुले बोटांच्या फटीतून हमखास पाहतात, तेव्हा तळहाताने झाकायला लावावे. शंका आल्यास अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. मूल हंगामी वसतिगृहात राहिले तर पट्टीकडे पाहायला कोणीतरी असते. फडावर जाणार असेल, तर पट्ट्या आणि डॉक्टरांनी सांगितलेले तास निघण्याआधी आईला नीट समजावून द्यावेत.