पंचाहत्तर ग्रॅमचा ग्लास

जामच्या चौरस्त्यावर नागपूरकडून येणारा रस्ता फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याच्या इकडच्या गावांमधली पोटुशी बाई तपासणीला निघते ती सकाळची कामं उरकून, दोन घास खाऊन, मिळेल त्या गाडीने. ती उपाशी निघत नाही, आणि घरातलं कोणी तिला उपाशी निघूही देत नाही. गरोदरपणातला मधुमेह ओळखायची जी चाचणी आज आपल्या सरकारी दवाखान्यांत होते, तिला आताचं रूप अशाच बायकांमुळे आलं.

चाचणी साधी आहे. सिस्टर पुडी फोडते, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज साधारण तीनशे मिलिलिटर पाण्यात ढवळते आणि ग्लास हातात देते. पाच ते दहा मिनिटांत तो संपवायचा. पहिला घोट बरा लागतो. अर्ध्यावर आलं की गोडाची शिसारी येते, बाई तोंडावर पदर धरते, सोबतची सासू किंवा आशाताई पाठीवरून हात फिरवत "हळूहळू घे" म्हणते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं. त्यानंतर झाली तर चाचणी चालू राहते. दोन तास बाकावर बसायचं. मग बोटाला सुई, ग्लुकोमीटरवर आकडा. १४० किंवा त्याहून जास्त आला की बाई घरी जाऊन सांगते, "शुगर निघाली."

या ग्लासाच्या आधी मापायला फक्त लघवी होती. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी पाहून ठेवलं होतं. गरोदरपणाशी त्याची गाठ नीट घातलेली जुनी नोंद बर्लिनची आहे. १८२३ साली तिथल्या रुग्णालयात बावीस वर्षांची, पाचव्यांदा गरोदर असलेली एक बाई आली. तिची तहान कशानेच भागत नव्हती आणि लघवीत साखर होती. बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने पुढच्या वर्षी तिच्यावर प्रबंध लिहिला. बाळ बारा पौंडांचं होतं. ते बाळंतपणातच गेलं. बाळंतपणानंतर बाईची तहानही गेली आणि साखरही. हा आजार गरोदरपणाचंच लक्षण आहे, असं बेनेविट्झने मांडलं. १८८२ साली लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी अशा बायकांच्या हकिकती एकत्र केल्या तेव्हा त्यांत आई किंवा बाळ, किंवा दोघंही, दगावल्याच्याच नोंदी जास्त होत्या. १९२२ साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि त्यानंतर मधुमेही बायका बाळंतपणातून जगू-वाचू लागल्या.

तरीही ज्या बाईला काहीच त्रास होत नाही, तिला कसं ओळखायचं हा प्रश्न शिल्लक होता. बेनेडिक्टचं निळं द्रावण, परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा या सामग्रीवर कित्येक दवाखान्यांनी वर्षानुवर्षं काम भागवलं. निळ्याचा हिरवा, पिवळा, विटकरी रंग झाला की साखर आहे. पण गरोदरपणात मूत्रपिंडं एरवीपेक्षा लवकर साखर सोडतात. रक्त ठीक असूनही लघवीत साखर दिसते, आणि कधी रक्तातली साखर वाढलेली असूनही लघवी स्वच्छ निघते. लघवीवर भिस्त ठेवणं आईच्या दृष्टीने धोक्याचंच होतं.

गोड पाणी पाजून रक्त तपासायची रीत गरोदर बायकांसाठी मापात बसवली ती बॉस्टनमध्ये. जॉन ओ'सुलिव्हन हे डॉक्टर आणि क्लेअर महान या संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी ७५२ गरोदर बायकांना शंभर ग्रॅम ग्लुकोज पाजून तीन तास रक्त तपासलं आणि १९६४ साली आपले आकडे छापले: उपाशीपोटी ९०, एका तासाने १६५, दोन तासांनी १४५, तीन तासांनी १२५. यांतले दोन ओलांडले की बाई धोक्यात. कसला धोका, हे मात्र आज फारसं कोणी सांगत नाही. बाळ मोठं होईल का, बाळंतपण अडेल का, यावर ते आकडे ठरलेले नव्हते. या बाईला स्वतःला पुढच्या आयुष्यात मधुमेह होईल का, या प्रश्नावर ते ठरले होते. या चाचणीच्या कुळाचा मूळ पुरुष म्हणायचा तर तो हा प्रश्न, आणि तो आईविषयीचा आहे.

बाळ त्यात आलं ते कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांच्या विचारातून. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करतं. बाळ अंगाने वाढतं, खांदे रुंद होतात. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, इन्सुलिन तसंच राहतं आणि नवजात बाळाची साखर खाली कोसळते. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचा आग्रह अशा बाळांच्या बाबतीत म्हणूनच अधिक धरायचा. पुढे नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार बायकांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. आईची साखर जसजशी चढते तसतसा बाळाचा धोका चढत जातो, मध्ये कुठे स्पष्ट उंबरठा नाही, असं तीत दिसलं. म्हणजे १४० ही रेघ माणसांनी विचार करून आखलेली आहे. पंचाहत्तरचंही तसंच. युरोपात पन्नास ग्रॅम चालत, अमेरिकेत शंभर; १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने पंचाहत्तरवर तोडगा काढला.

मग ही चाचणी सडपातळ, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला कशाला? याचं उत्तर आपल्याच पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून, अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडच्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचं वजन कमी होतं ते मुख्यतः स्नायूंचं आणि अवयवांचं. कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला किरकोळ, आतून मेदाळ असं हे शरीर जन्मापासूनचं असतं. म्हणून चेहरा, वजन किंवा कष्ट पाहून "हिला कशाला तपासायचं" असं म्हणायची सोय आपल्याकडे नाही. तपासायचं ते प्रत्येकीला.

प्रत्येकीला तपासायचं तर उपाशीपोटाची अट आड येते. "उद्या उपाशी या" असं सांगून परत पाठवलेली बाई बऱ्याचदा येतच नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही अडचण मध्यभागी ठेवली. आली त्या दिवशी, खाल्लेलं असो वा नसो, पंचाहत्तर ग्रॅम पाजा, दोन तासांनी एकदाच रक्त घ्या, असं त्यांनी आणि त्यांच्या गटाने मांडलं. भारत सरकारने आपल्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत घेतली: पहिल्या तपासणीला एकदा, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, कारण वारेतली संप्रेरकं इन्सुलिनला जोराने अडवू लागतात ती साधारण तेव्हा. या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. चेन्नईतल्याच दुसऱ्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की खाल्ल्यावर केलेल्या चाचणीतून बऱ्याच बायका निसटतात. ज्या बाईला उपाशीपोटी येणं खरोखर शक्य आहे, तिची तशी चाचणी करावी हे योग्यच. पण जिथे दुसरा पर्याय म्हणजे काहीच न तपासणं, तिथे शेषय्यांची बाजू मला जास्त पटते.

वर्धा जिल्ह्याला बायकांच्या तपासणीची सवय जुनी आहे. कस्तुरबा १९४४ साली गेल्या. त्यांच्या नावाने सुशीला नायर यांनी सेवाग्रामला बायकामुलांसाठी छोटा दवाखाना काढला, आणि १९६९ साली तिथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. सुगीला घरटी ज्वारी जमा करायची आणि वर्षभर उपचाराची हमी मिळवायची, अशी योजनाही तिथे चालली. ती ज्वारी आता ताटातून मागे हटली आहे, आणि शुगर निघालेल्या बाईला नेमकी तीच परत वाढावी लागते.

निदान झाल्यावर पहिले दोन आठवडे बहुतेकींना औषध नसतं. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं; भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, दही; चहातली साखर, भाताचा ढीग आणि गोरसपाक बिस्किटांचा पुडा बाजूला. रोज अर्धा तास चालायचं. "दोन जिवांचं खा" म्हणणाऱ्या सासूला याच वेळी समोर बसवून समजावलं पाहिजे, कारण ताट तीच वाढते. आणि उपास करायचाच नाही. घाबरून जेवण तोडणाऱ्या बाया असतात, त्याने बाळाचं नुकसान होतं. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांनी रक्त बघायचं. १२० च्या खाली असेल तर हेच चालू ठेवायचं. नसेल तर इन्सुलिन, किंवा वीस आठवड्यांनंतर मेटफॉर्मिनची गोळी. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, हे एकदा नीट सांगितलं की सुईची निम्मी भीती जाते.

जचकी झाली की बहुतेकींची साखर उतरते, आणि तिथेच सगळे सुटकेचा श्वास टाकतात. सहा आठवड्यांनी आईने उपाशीपोटी येऊन पुन्हा पंचाहत्तर ग्रॅम घ्यायचे असतात, असं सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. ओ'सुलिव्हन यांचा मूळ प्रश्न हाच, आणि राहून जाते ती हीच चाचणी. त्याला कारणही आहे: पहिलं बाळंतपण माहेरी, तपासणी सासरी. कागद हिंगणघाटला, बाई चंद्रपूरला, आणि सव्वा महिना होईपर्यंत ती घराबाहेर पडत नाही. पण बाळाची दीड महिन्याची लस मात्र सहसा चुकत नाही. सासर असो की माहेर, त्या दिवशी आई लसीकरणाच्या सत्रात बाळ घेऊन हजर असते. तिला आधी निरोप देऊन सकाळी लवकर, न खाता बोलवायचं, आल्याबरोबर बोट टोचायचं आणि ग्लास द्यायचा. बाळाची लस आणि पाजणं दोन तासांत आटोपतं. लसीच्या कार्डावर दीड महिन्याच्या ओळीशेजारी आईच्या साखरेसाठी एक रकाना छापला, तर आशाताईला तो रिकामा दिसेल आणि ती विचारेल.